तेरावं बलुतं

फार वर्षं झाली. किती, ते विचारू नका. ज्यांना आकडा ठाऊक होता ते सगळे कानवी नदीच्या काठी राख होऊन गेले. तेव्हाही नदीच्या अलीकडे पळसटेक होतं, पलीकडे बोरनळ होतं आणि खालच्या वळणावर काळडोह होता. कानवी माघातच आटायची. डोहात तेवढं पाणी उरायचं, पण दोन्ही गावांच्या गुरांना पुरेल इतकं ते नव्हतं. मग ते प्यायचं कुणी? यावरून आधी डोकी फुटली, मग गंजी पेटल्या. शेवटी कुठल्याशा शहाण्या म्हाताऱ्यानं तोड काढली. दर चैत्रात जत्रेच्या दिवशी नदीच्या कोरड्या पात्रात विटीदांडूचा डाव मांडायचा. जिंकेल त्या गावाची गुरं पाऊस पडेपर्यंत डोहावर, आणि हरेल त्या गावानं आपली गुरं तीन कोस लांब हाकायची. हसू नका. काठीनं डोकं फोडण्यापेक्षा विटी मारलेली केव्हाही बरी.

अशा त्या दिवसांत पळसटेकला हैबती सुतार आला. कुठून आला ते कुणी नीट सांगत नाही. खांद्यावर हत्यारांची पिशवी, मागे बायको सगुणा, तिच्या कडेवर मुलगी. पण गावात सुतार होताच, त्याचं वतन सात पिढ्यांचं, आणि एका गावात दोन सुतारांना बलुतं मिळत नाही. खळ्यावर कणसांची पाटी मिळणार ती गावच्या सुताराला. उपऱ्यानं काय लाकूड चावायचं? पाटलांनी त्याला पाणी दिलं, भाकरी दिली आणि पुढच्या गावाची वाट दाखवली.

तो दिवस जत्रेचा होता. पळसटेक लागोपाठ तिसऱ्या वर्षी हरायला आलं होतं. शेवटचा गडी टाच मुरगळून बसला, तेव्हा हैबती पिशवी खाली ठेवून म्हणाला, "म्यां मारू का एक?" हरायचंच आहे तर कुणीही हरो, असं म्हणून लोकांनी दांडा त्याच्या हाती दिला. त्यानं तो उलटासुलटा करून बघितला, बोटांनी चाचपला आणि मारला. असं म्हणतात, की ती विटी खाली येईपर्यंत परटिणीनं धुतलेल्या लुगड्याच्या घड्या घातल्या, वर एक पान खाल्लं. पळसटेकची गुरं त्या उन्हाळ्यात डोहावर प्याली.

मग सुभानजी पाटलांनी असं काही केलं, जे त्या मुलखात आधी कुणी केलं नव्हतं. त्यांनी हैबतीला मारुतीच्या देवळामागची पडकी खोली दिली आणि सांगितलं, की खळ्यावर तुझीही पाटी. सुतारकीची नाही, खेळाची. तू वर्षातून एकदा आमच्यासाठी खेळायचंस आणि जिंकायचंस. झालं! न्हावी, कुंभार, परीट, सगळे बलुतेदार खवळले. न्हावी तर भर चावडीत म्हणाला, "म्यां डोई भादरतो, कुंभार मडकी देतो. ह्यो काय देतो गावाला? हवा?" बारा बलुतेदार सगळ्यांनी ऐकले होते, हा तेरावा ऐकला नव्हता. पोरंबाळं त्याला 'तेरावा' म्हणूनच हाक मारायची. हैबती हसायचा, पण खळ्यावर पाटी उचलताना मान वर करायचा नाही. खेळावर पोट भरणारा त्या मुलखातला तो पहिला माणूस, आणि पहिल्या माणसाला लाज जरा जास्तच वाटते.

आता खेळाचं थोडं सांगायला हवं, कारण हल्ली विटी कुणाच्या हातात दिसत नाही. जमिनीत बोटभर खोल खळगा, त्याला गल म्हणायचं. गलीपाशी उभं राहून विटीला टोला हाणायचा. झेल गेला की गडी बाद. नाहीतर गलीपासून विटीपर्यंतचं अंतर दांड्यानंच मोजायचं, आणि मोजताना एक, दोन, तीन म्हणायचं नाही. म्हणायचं वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झक्कू. सात दांडे झाले की एक झक्कू भरला, की पुन्हा वकट. ज्याचे झक्कू जास्त त्याचा डाव. आणि माप ज्या शब्दावर संपेल त्यावरून पुढचा टोला ठरायचा. वकट आलं तर विटी पायाच्या चवड्यावरून उडवायची, मुंड आलं तर मुठीवरून. डोळा आला तर मान मागे टाकायची, डोळा मिटायचा, विटी त्या मिटल्या पापणीवर आडवी ठेवायची आणि मानेला झटका देऊन ती हवेत असतानाच मारायची. विटीला दोन्हीकडून टोकं असतात, हे लक्षात ठेवा. म्हणून रीत अशी पडली होती, की डोळा आला की गड्यानं दांडा खाली ठेवून डाव सोडावा. त्यात कुणी कमीपणा मानत नसे.

हैबतीनं लहानपणी आपल्या गावात एकाला हा टोला मारताना पाहिलं होतं. तो माणूस पुढे देवळाच्या पायरीवर बसून वाती वळायचा. तेव्हापासून हैबतीनं एकच ध्यास घेतला, की आपल्याला डोळा येऊच द्यायचा नाही. विटी किती दांड्यांवर पडेल ते त्याच्या मनगटाला आधी कळायचं. असं म्हणतात, की त्याला 'नाल' म्हटलं तर नालावर आणि 'आर' म्हटलं तर आरावर विटी टाकून दाखवायचा. सहा वर्षं तो पळसटेकसाठी खेळला, सहा वर्षं जिंकला, आणि सहा वर्षांत त्याच्या वाट्याला डोळा एकदाही आला नाही.

सातवं वर्ष वाईट उगवलं. आधीच्या पावसाळ्यानं तोंड फिरवलेलं, डोह कधी नव्हे तो गुडघाभर खाली गेलेला. तीन कोसांवरचं तळंही आटलं होतं. म्हणजे यंदा हरणाऱ्या गावानं गुरं लांब हाकायची नव्हती, ती मरताना बघायची होती. दोन्ही गावांना हे ठाऊक होतं आणि कुणी ते तोंडानं बोलत नव्हतं. जत्रेत यंदा पाळणा नव्हता, रेवड्या नव्हत्या. लोक नुसते पात्राच्या दोन्ही काठांवर येऊन उभे राहिले, आणि बोरनळच्या काठावर माणसांच्या मागे त्यांची गुरं उभी होती.

आदल्या दिवशी सुभानजी पाटील देवळामागे आले होते. आत आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहून म्हणाले, "हैबती, सा वर्सं गावानं तुला खाऊ घातलं. उद्या हरलास तर मला गावाला त्वांड दावता येनार न्हाई. आन मग तुलाबी न्हाई." सगुणा चुलीपाशी होती, तिनं ऐकलं. खोली सुटणार, पाटी सुटणार, मुलीला घेऊन पुन्हा पिशवी खांद्यावर. त्या रात्रीची भाकरी करपली.

डाव उन्हं चढायच्या आत सुरू झाला. बोरनळचा म्होरक्या राणोजी तात्या, सत्तरीचा, पण झेल टिपायला घारीसारखा. त्याच्या गड्यांनी झक्कूंवर झक्कू चढवले. पळसटेकचे दहा गडी एकामागून एक बाद झाले. शेवटी हैबती एकटा उरला आणि गावाला अजून चौदा झक्कू हवे होते. चौदा साती अठ्ठ्याण्णव दांडे. लोकांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा एकदा केला.

दांडा हैबतीनं स्वतः घडवला होता. बाभळीचा, दीड हाताचा, म्हणजे छत्तीस बोटं, ना बोट कमी ना बोट जास्त. त्यानं गलीत विटी ठेवली, कोलून वर उडवली आणि जीव खाऊन टोला हाणला. आवाज झाला तो नेहमीसारखा नव्हता. बाकीच्यांना तो फक्त मोठा वाटला. हैबतीच्या तळव्याला मात्र कसलीशी झिणझिणी आली, आणि ती काय आहे याचा विचार करायच्या आतच विटी राणोजीच्या डोक्यावरून, शेवटच्या गड्याच्या डोक्यावरून, पार निवडुंगापाशी जाऊन पडली.

माप घ्यायला पळसटेकचा बयाजी चौगुला पुढे झाला. तेव्हा रीत तशीच होती, ज्याचा टोला त्याच्याच गावानं मोजायचा. दांडा आडवा टाकत टाकत बयाजी निघाला आणि त्याच्यामागून सगळं पळसटेक ओरडत निघालं. वकट, लेंड, मुंड, नाल, आर, डोळा, झक्कू! दहा झक्कू झाले. अकरा झाले. बारानंतर बायकासुद्धा ओरडायला लागल्या. तेरा. मग सगळे श्वास धरून हळू मोजायला लागले. आर. डोळा. झक्कू! चौदा भरले आणि वर वकट, लेंड असे दोन दांडे जास्तच निघाले. हलगी कडाडली. लोकांनी हैबतीला खांद्यावर घेतलं. ज्या न्हाव्यानं त्याला हवा देणारा म्हटलं होतं, त्यानंच पहिल्यांदा त्याचे पाय धरून वर उचललं.

आणि तिथून, खांद्यावरून, हैबतीला दांडा दिसला. बयाजीनं तो आनंदानं वर धरला होता. हातांच्या घामानं काळा पडलेला दांडा, आणि त्याचं टोक मात्र ताजं, पिवळं. ढलपी उडाली होती. बोटभर.

सुताराला हिशेब करावा लागत नाही, तो होऊन जातो. एका दांड्यामागे एक बोट. शंभर दांड्यांमागे शंभर बोटं. छत्तीस बोटांचा दांडा, म्हणजे जवळजवळ तीन दांडे माप फुगलं होतं. शंभर नव्हे, सत्त्याण्णव. तेरा झक्कू आणि वर डोळा. एका दांड्यानं पळसटेक हरलं होतं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. कुणालाही कळलं नव्हतं. राणोजी तात्या वाळूत बसला होता आणि पलीकडच्या काठावरच्या आपल्या गुरांकडे बघत होता. पाटील डोळे पुसत होते. सगुणानं मुलीला वर उचलून बाप दाखवला होता. नुसतं गप्प बसायचं होतं. दांडा रात्री चुलीत घातला की काम झालं. असं म्हणतात, की हलगी वाजत होती तेवढा वेळ हैबती त्या खांद्यावर बसून राहिला, आणि त्याच्या कपाळावरून घाम असा गळत होता, की खालच्याला वाटलं पाऊस आला.

"मला खाली उतरवा," तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही. तो उडी मारून उतरला, बयाजीच्या हातातून दांडा घेतला आणि पाटलांपुढे धरला. "पाटील, दांडा तुटलाय. माप खोटं हाय."

हलगी थांबली. पाटलांनी दांड्याकडे पाहिलं, मग खालच्या आवाजात म्हणाले, "बयाजीनं मोजलंय. समद्यांनी ऐकलंय. तू गप ऱ्हा."

"एक बोट कमी हाय."

"आरं, बोरनळचं कुनी बोललं का? मग तुला कशापायी उचकी लागली?"

राणोजी तोवर उठून जवळ आला होता. तो म्हणाला, "खरंच सुतारा, आमी न्हाई बोललो कायबी."

"तुमास्नी दिसलं न्हाई, तात्या," हैबती म्हणाला. "मला दिसलं."

तो असा का वागला, यावर दोन्ही गावांत अजून भांडणं होतात. कुणी म्हणतं, सुताराच्या पोटी आलेला माणूस, लाकूड चुकलं तर जळण होतं आणि माप चुकलं तर घर पडतं, हे बाळकडू प्यायलेला. कुणी म्हणतं, तो सरळ माणूसच होता. माझं विचाराल तर ती नुसती मिजास होती. जो माणूस खेळून खातो, त्याला तुटक्या दांड्यानं मिळालेला टोला पचत नाही. लोक शंभर वर्षं ज्या टोल्याची गोष्ट सांगणार, तो आपला नसून ढलपीचा आहे, हे त्याला कसं सहन व्हावं?

नवा दांडा आणला, तो हैबतीनं सगळ्यांसमोर बोटांनी मोजून दिला. ह्या खेपेला कुणी ओरडलं नाही. तेरा झक्कू झाले, मग वकट, लेंड, मुंड, नाल, आर, आणि बयाजीनं तो शेवटचा शब्द तोंडातल्या तोंडात म्हटला. डोळा. पुढे विटी.

आता रीतीप्रमाणे दांडा खाली ठेवायचा होता. एक दांडा कमी, फक्त एक. पण डोळ्यावरून टोला मारल्याशिवाय तो मिळणार नव्हता. आणि हलकेच टिचकी मारून चालणार नव्हतं, कारण राणोजीचे अकरा गडी दहा पावलांवर कडं करून झेलाला उभे राहिले होते. मारायचं तर त्यांच्या डोक्यांवरून, पूर्ण ताकदीनं.

सगुणा माणसांतून वाट काढत आली. चारचौघांत ती नवऱ्याशी कधी बोलत नसे, पण आज बोलली. "ठिवा तो दांडा खाली. समदेच ठिवत्यात. आपुन जाऊ दुसऱ्या गावाला."

"समदे ठिवत्यात," हैबती म्हणाला, "पर त्यांस्नी खेळायचं बलुतं कुनी देत न्हाई."

तो गलीपाशी गेला. मान मागे टाकली. उन्हं डोक्यावर आली होती. त्यानं डावा डोळा मिटला आणि विटी त्यावर ठेवली. तिला कापरं भरलेलं दुरूनही दिसत होतं, म्हणजे पापणी थरथरत होती. तो ती थांबायची वाट बघत राहिला. कडं केलेल्या गड्यांपैकी एकानं मान फिरवली. असं म्हणतात, की तेवढ्यात पाचोळा हलायचा थांबला आणि पलीकडच्या काठावर तहानलेल्या गुरांनी हंबरणं बंद केलं. मग पापणी थांबली. मानेला झटका बसला.

आवाज तीन गावांत ऐकू गेला म्हणतात. विटी वर गेली, कड्यावरून, निवडुंगावरून, आणि सूर्याच्या आड गेली. घिरट्या घालणारी घार तिच्या वाटेतून बाजूला झाली. सगळ्या माना वर होत्या. ती खाली आलेली कुणी पाहिली नाही. आणि माना खाली आल्या तेव्हा हैबती गुडघ्यांवर होता, हाताच्या ओंजळीत तोंड धरून, आणि बोटांमधून रक्त वाळूवर ठिबकत होतं.

विटी सापडली नाही तर टोला धरत नसत. बयाजी निवडुंगापर्यंत धावत गेला, काट्यांत शोधलं, रिकाम्या हातांनी परत आला. पळसटेकच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हा राणोजी तात्यानं बयाजीच्या हातातून दांडा घेतला आणि म्हणाला, "आन इकडं. म्यां मोजतो."

सत्तरीचा म्हातारा गलीपासून वाकून दांडे टाकत निघाला. दर दांड्याला एक शब्द, स्वच्छ, मोठ्यानं. निवडुंग मागे गेलं. पात्राचं वळण आलं. दोन्ही गावं त्याच्यामागून चालत होती आणि कुणाला कळत नव्हतं, की हा कुठे चाललाय. तो काळडोहाच्या काठी आला. तिथं थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पाण्याच्या मधोमध, उन्हात चमकत, एक विटी तरंगत होती, आणि तिचं एक टोक लाल होतं. राणोजीनं काठावरून ती पाहिली. पळसटेकच्या कुणीही अजून पाहिली नव्हती. तो धोतर न सावरता पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत, पाण्यावर दांडे टाकत, मोजत. आपल्याच गुरांच्या तोंडचा घास तो दांड्या दांड्यानं मोजून दुसऱ्या गावाला देत होता. असं म्हणतात, की एकशे एक झक्कू झाले. त्यानं विटी उचलून डोक्यावर धरली आणि म्हणाला, "पळसटेक जिंकलं."

कुणी हलगी वाजवली नाही. थोड्या वेळानं सुभानजी पाटील स्वतः पात्र ओलांडून बोरनळच्या काठावर गेले आणि पहिल्या बैलाचं दावं धरून त्याला डोहावर घेऊन आले. ते उपकार म्हणून नव्हे, त्यांना लाज वाटली म्हणून. त्या उन्हाळ्यात सकाळी एका गावाची गुरं प्याली, संध्याकाळी दुसऱ्या गावाची. डोह गुडघाभर खाली गेला होता तो पाऊस येईपर्यंत तेवढाच राहिला, आणखी बोटभरही उतरला नाही, असं म्हणतात. मी पाहिलेलं नाही, पण ज्यांनी पाहिलं ते खोटं बोलणारे नव्हते.

हैबतीचा डावा डोळा गेला. वैदानं पाला बांधला, सगुणा महिनाभर रडली, मग एक दिवस तोच तिला म्हणाला, "रडतीस कशापायी? फळी सरळ हाय का बघाया सुतार एक डोळा मिटतोच. माझे मिटायचे कष्ट वाचले." तो पुन्हा खेळला नाही. पण त्या वर्षी खळी लागली तेव्हा पळसटेकची पाटी तर आलीच, आणि दुसऱ्या दिवशी नदी ओलांडून बोरनळची माणसं आली, राणोजी तात्या पुढे, डोक्यावर कणसांची पाटी. एका बलुतेदारानं दोन गावांचं बलुतं घेतलं, असं आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. म्हणतात, की ती पाटी उचलताना हैबतीनं मान वर केली होती.

आता कानवीला बंधारा झालाय, डोहासाठी कुणी डाव मांडत नाही. तरी चैत्रातल्या जत्रेत दोन्ही गावं पात्रात उतरून एकेक टोला मारतात, आणि मोजायला दांडा जातो समोरच्या गावाच्या हातात. मोजताना आरानंतरचा सहावा शब्द तिथं उच्चारत नाहीत. तिथं म्हणतात, "हैबती." आणि काठावरची सगळी माणसं, तान्ह्या मुलांच्या आयांपासून सरपंचांपर्यंत, तेवढ्यापुरता एक डोळा मिटतात.

खेळाचंच नाही. भावाभावांत धान्य वाटायचं असो, की दोन शेतांमधला बांध घालायचा असो, आपलं माप दुसऱ्याच्या हातानं घ्यायचं, याला त्या दोन गावांत हैबतीचं माप म्हणतात. परवा पळसटेकला जमिनीची मोजणी झाली. मोजणीवाले आले, नकाशा झाला, सह्या झाल्या, दोघं शेजारी कागद घेऊन घरी निघाले. बांधावर बसलेल्या पारूआजीनं त्यांना थांबवलं.

"मोजलंसा ते बरं झालं," ती म्हणाली. "पर टेप कुनी धरला हुता?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि टेप घेऊन पुन्हा शेतात उतरले. ह्या खेपेला ज्याचं शेत मोजायचं होतं तो बांधावर उभा राहिला, आणि शेजाऱ्यानं मोजलं.